सर्व्हर चौघांचे, नाड्या एकाच्या हाती

कुणी "आमचे सर्व्हर तीन क्लाउडवर आहेत" असं अभिमानाने सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो तो स्टेट फाइलचा. कुठे ठेवली आहे? कुणाच्या ताब्यात आहे? बहुतेक वेळा समोरचा जरा थांबतो आणि शेजारच्याकडे बघतो.

ज्यांचा या धंद्याशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेराफॉर्मसारखं साधन वेगवेगळ्या कंपन्यांच्या क्लाउडवर (म्हणजे त्यांच्या भाड्याच्या सर्व्हरांवर) मशीन उभी करतं, बदलतं, पाडतं. काय उभं केलं याची नोंद ते एका फाइलीत ठेवतं. हीच स्टेट फाइल, त्याची खतावणी. कोणतं मशीन कुठल्या कंपनीकडे आहे, त्याचा क्रमांक काय, ते कुठल्या नेटवर्कला जोडलंय, डेटाबेसचा पासवर्ड काय (हो, बऱ्याचदा तोही, उघडावाघडा), हे सगळं तिच्यात असतं. ती हरवली तर सर्व्हर चालूच राहतात, बिलंही वेळेवर येत राहतात. साधन मात्र त्यांना ओळखेनासं होतं.

एका जुन्या नोकरीत आमची ही फाइल एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर होती. त्याने नोकरी सोडली, लॅपटॉप परत केला आणि नियमाप्रमाणे तो पुसून दुसऱ्याला दिला गेला. दोन महिन्यांनी फायरवॉलचा एक साधा नियम बदलायचा होता. कमांड चालवली तर साधनाने थंडपणे सांगितलं की तुमच्याकडे काहीच नाही, मी ऐंशी मशीन नव्याने उभी करतो. 'यस' टाइप करायच्या आधी कुणीतरी ते नीट वाचलं म्हणून वाचलो. पुढचे तीन आठवडे एकेक मशीन हाताने शोधून खतावणीत परत चढवत बसलो. त्यातल्या एका क्लाउडच्या कन्सोलचं (ब्राउझरमधल्या नियंत्रण-पानाचं) खातंसुद्धा त्या गेलेल्या सहकाऱ्याच्याच नावावर निघालं.

चूक आमची होती, साधनाचा दोष नव्हता. पण त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. अनेक क्लाउड वापरणाऱ्या संस्थेच्या नाड्या सर्व्हर ठेवणाऱ्या कंपनीकडे जितक्या असतात, त्याहून जास्त त्या सर्व्हर हाकणाऱ्या साधनाकडे असतात. म्हणून ते साधन कुणाचं, हा प्रश्न तंत्रज्ञांच्या खोलीत सोडून देण्यासारखा नाही. माझं म्हणणं असं की ते नुसतं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना वाचता-बदलता येणारं, असून भागत नाही. त्याची मालकी इतक्या लोकांत वाटलेली हवी की एका कंपनीच्या संचालकांना एका बैठकीत त्याचा परवाना बदलता येऊ नये. आणि लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी तर ही अट निविदेतच लिहावी.

यासाठी थोडं मागे जावं लागेल. ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ईसी२ सुरू केलं. तासाला १० सेंट भाडं आणि मशीन तुमचं. पुढच्या काही वर्षांत रॅकस्पेस, मायक्रोसॉफ्ट, गूगल असे बाकीचे उतरले आणि लगेच कळलं की प्रत्येकाची बोली निराळी. कुणी त्याच वस्तूला इन्स्टन्स म्हणतं, कुणी सर्व्हर, कुणी व्हर्च्युअल मशीन. मग सगळ्यांसाठी एकच बोली बनवायची कल्पना निघाली. २००९ मध्ये क्लाउडकिक नावाच्या छोट्या कंपनीतून लिबक्लाउड ही पायथॉनची लायब्ररी (तयार कोडचा संच) आली आणि लवकरच ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाचे फाउंडेशनकडे गेली. त्याच वर्षी रेड हॅटने डेल्टाक्लाउड काढलं. रुबीवाल्यांसाठी फॉग होतं, जावावाल्यांसाठी जेक्लाउड्स. दावा सगळ्यांचा साधारण एकच: एकदा लिहा, कुठल्याही क्लाउडवर चालवा.

डेल्टाक्लाउड २०१५ मध्ये अपाचेच्या ॲटिकमध्ये गेलं. (बंद पडलेले प्रकल्प ठेवायच्या जागेला अपाचेवाले चक्क माळा म्हणतात, हे मला नेहमी आवडतं.) लिबक्लाउड आजही आहे आणि कामाचं आहे, पण ते मूळ स्वप्न मागे पडलं. सगळ्यांची समान बोली म्हणजे सगळ्यांकडे जे समान आहे तेवढंच: मशीन चालू कर, बंद कर, यादी दे, डिस्क जोड. माणसं एखाद्या क्लाउडकडे जातात ती मात्र त्याच्याकडे जे वेगळं आहे त्यासाठी. कुणाचा डेटाबेस चांगला, कुणाचं नेटवर्क, कुणाचं प्रवेशाच्या अधिकारांचं बारीक नियंत्रण. समान तेवढंच वापरायचं ठरवलं तर भाडं तिघांचं भरायचं आणि खासियत एकाचीही मिळायची नाही. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

गंमत अशी की काही समान बोली तयार झाल्याच, पण त्या कुठल्या समितीने बनवल्या नाहीत. ॲमेझॉनच्या एस३ या साठवणीची जी एपीआय (प्रोग्रामने तिच्याशी बोलायची ठरलेली पद्धत) होती ती सेफ, मिनिओ अशा ओपन सोर्स साधनांनी उचलली आणि पुढे ॲमेझॉनच्या स्पर्धकांनीही. मशीन सुरू होताना स्वतःची माहिती १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर विचारतं, ही मुळात ईसी२ची रीत. आज अझ्युर, गूगल, ओपनस्टॅक सगळीकडे तोच पत्ता चालतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी. प्रमाण ठरवायचा मान सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकीला मिळाला आणि बाकीचे मुकाट मागे आले.

टेराफॉर्म २०१४ मध्ये आलं तेव्हा त्याने 'एकदा लिहा' हे स्वप्न बघितलंच नाही, आणि माझ्या मते त्याच्या यशाचं खरं कारण तेच. मिचेल हाशिमोतो आणि आर्मन डॅडगर यांच्या हॅशिकॉर्प कंपनीचं हे साधन. त्यात ॲमेझॉनचं मशीन ॲमेझॉनचंच राहतं आणि गूगलचं गूगलचं. नावं वेगळी, गुणधर्म वेगळे. एकासाठी लिहिलेला कोड दुसऱ्यावर चालत नाही, पुन्हा लिहावाच लागतो. समान असतं ते व्याकरण आणि कामाची रीत. हवं ते मजकुरात लिहा. साधन तो मजकूर प्रत्यक्ष परिस्थितीशी ताडून बघेल, काय काय बदलणार याची यादी दाखवेल, आणि तुम्ही हो म्हणाल तेव्हाच हात लावेल.

"टेराफॉर्म वापरतो ना आपण, मग उद्या हवा तेव्हा क्लाउड बदलू" हे वाक्य मी बैठकांमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. सर्व्हर असे उचलून नेता येत नाहीत. एका ठिकाणाहून दुसरीकडे जातं ते ज्ञान. ज्याला एका क्लाउडचा टेराफॉर्म कोड वाचता येतो त्याला दुसऱ्याचा आठवड्याभरात वाचता येतो. दुसऱ्याने केलेला बदल तपासता येतो. हे पोर्ट पाच वर्षांपूर्वी कुणी आणि कशासाठी उघडलं, हे गिटच्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात सापडतं. कन्सोलवर माउसने केलेल्या कामाची आठवण ते करणाऱ्या माणसाबरोबर निघून जाते. मजकुरात लिहिलेली राहते.

मशीन उभं राहिल्यावर त्याच्या आत काय बसवायचं, हे काम ॲन्सिबलसारख्या साधनांचं. तिथे तर क्लाउड कुणाचा हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. २०१२ मध्ये आलेल्या ॲन्सिबलची कल्पना अगदी साधी होती: मशीनवर आपला वेगळा एजंट (सतत चालणारा प्रोग्राम) बसवायचा नाही, एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या नेहमीच्या सुरक्षित वाटेने, आत शिरायचं, काम करायचं, बाहेर पडायचं. जिथे एसएसएच पोचतं तिथे ॲन्सिबल पोचतं. मशीन कुणाच्या इमारतीत आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणजे एखाद्या संस्थेने दहा वर्षं नीट काम केलं असेल तर तिच्याकडे हजारो ओळींचा एक मजकूर साठलेला असतो. आपली यंत्रणा कशी आहे आणि का आहे, याचं ते एकमेव विश्वासू वर्णन. सर्व्हर भाड्याचे असतात, हा मजकूर मात्र संस्थेचा स्वतःचा. पण तो ज्या भाषेत लिहिलाय ती भाषा आणि ती समजणारं यंत्र दुसऱ्याचं असेल तर?

१० ऑगस्ट २०२३ रोजी हॅशिकॉर्पने जाहीर केलं की आपल्या उत्पादनांच्या पुढच्या आवृत्त्या मोझिला पब्लिक लायसन्स या ओपन सोर्स परवान्याऐवजी बिझनेस सोर्स लायसन्सखाली येतील. कोड वाचता येईल, स्वतःच्या कामासाठी वापरता येईल, पण हॅशिकॉर्पशी स्पर्धा होईल असा वापर चालणार नाही. प्रत्येक आवृत्ती चार वर्षांनी जुन्या परवान्यात परत जाईल. सामान्य वापरकर्त्याला काही फरक पडणार नाही असं कंपनीचं म्हणणं होतं, आणि त्या दिवसापुरतं ते खरंही होतं. आमची एकही कमांड अडली नाही.

तरी गहजब झाला, आणि तो योग्यच होता. स्पर्धा म्हणजे नेमकं काय, याचा पहिला अर्थ लावणार परवाना देणारीच कंपनी. समजा एक छोटी कंपनी गिऱ्हाइकांना टेराफॉर्मवर बसवलेली सेवा पैसे घेऊन देतेय. आज ती कुणाशी स्पर्धा करत नाही. उद्या कंपनीने तसंच उत्पादन बाजारात आणलं तर? अशी सेवा त्यामुळे स्पर्धक ठरणार नाही असा खुलासा पुढे परवान्यात आला, पण रेषा कुठे ओढायची हे ठरवणारीही तीच कंपनी. चार वर्षांनी कोड मोकळा होईल, ही सोयही या क्षेत्रात फारशी कामाची नाही. क्लाउडच्या एपीआय दर महिन्याला बदलतात. चार वर्षं जुनं साधन शोभेला ठेवावं.

हॅशिकॉर्पची बाजू मी झटकून टाकत नाही. बहुतेक कोड त्यांच्या पगारी माणसांनी लिहिला होता आणि त्यावर सेवा उभारून दुसऱ्या कंपन्या पैसे कमावत होत्या. मॉन्गोडीबीने २०१८ मध्ये, इलास्टिकने २०२१ मध्ये, रेडिसने २०२४ मध्ये साधारण याच कारणासाठी परवाने बदलले. आवळा देऊन कोहळा काढायचा बेत पहिल्यापासून होता असंही मला वाटत नाही. पण वापरणाऱ्याच्या बाजूने हिशेब मांडला तर निष्पत्ती तीच निघते. हजारो लोकांनी ही भाषा शिकण्यात वर्षं घातली, चुका कळवल्या, सुधारणा पाठवल्या, वेगवेगळ्या क्लाउडसाठीचे प्रोव्हायडर (टेराफॉर्मला त्या क्लाउडशी जोडणारे भाग) लिहिले, कारण हे सगळ्यांचं आहे असा त्यांचा समज होता. साधन मोठं झालं ते त्या समजावर.

हे घडू शकलं ते एका कागदामुळे. हॅशिकॉर्पला कोड पाठवणाऱ्याला आधी एका करारावर सही करावी लागे, आणि त्या कराराने आपल्या कोडचा परवाना पुढे बदलायचा हक्क कंपनीकडे जात असे. लिनक्स कर्नलमध्ये असा करार नाही. तिथे २००४ पासून प्रत्येक जण फक्त एवढंच जाहीर करतो की हा कोड देण्याचा मला अधिकार आहे. हक्क ज्याचा त्याच्याकडे राहतो. उद्या कुणाला लिनक्सचा परवाना बदलायचा झाला तर हजारो माणसांची, कित्येक कंपन्यांची आणि वारलेल्यांच्या वारसांचीसुद्धा संमती घ्यावी लागेल. व्यवस्थापनशास्त्रात याला कदाचित अडचण म्हणतील. मला ती तटबंदी वाटते. म्हणून एखादं साधन निवडताना परवान्याची फाइल सगळे उघडतात, मी आधी योगदानाचा करार उघडतो. परवाना आजचं सांगतो, करार उद्याचं.

पुढे असं झालं. स्पेसलिफ्ट, एन्व्हझीरो, स्केलर, ग्रंटवर्क, हार्नेस अशा कंपन्यांनी जुन्या परवान्यातल्या कोडचा फोर्क केला, म्हणजे त्याची प्रत घेऊन वेगळी वाट धरली. २० सप्टेंबर २०२३ रोजी तो लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि त्याचं नाव ओपनटोफू झालं. जानेवारी २०२४ मध्ये वापरण्याजोगी पहिली आवृत्ती आली. त्याच वर्षी १.७ आवृत्तीत स्टेट फाइल कूटबद्ध करायची सोय आली, जी लोक टेराफॉर्मकडे वर्षानुवर्षं मागत होते. या कंपन्या संत नाहीत. हॅशिकॉर्पचा नवा परवाना थेट त्यांच्याच पोटावर आला होता. पण त्या पाच आहेत आणि एकमेकींच्या स्पर्धक आहेत, म्हणून कुणा एकीला ओपनटोफू खिशात घालता येणार नाही. मला भरवसा वाटतो तो त्यांच्या चांगुलपणापेक्षा या आपसातल्या संशयाचा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयबीएमने ६.४ अब्ज डॉलरला हॅशिकॉर्प विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला. त्याआधी २०१९ मध्ये आयबीएमनेच ३४ अब्ज डॉलरला रेड हॅट घेतली होती, आणि रेड हॅटने २०१५ मध्ये ॲन्सिबल. म्हणजे मशीन उभं करणारं सर्वांत प्रचलित साधन आणि उभ्या मशीनची घडी बसवणारं तितकंच प्रचलित साधन, दोन्ही आज एका छताखाली आहेत. शिवाय ही कंपनी स्वतःही क्लाउड विकते. ॲन्सिबल जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली आहे आणि आयबीएमने त्याचं काही वाईट केलंय असं मी म्हणत नाही. पण सर्व्हर चार कंपन्यांत वाटून "आम्ही कुणावर अवलंबून नाही" असं म्हणणाऱ्या संस्थेने हा नकाशा एकदा भिंतीवर लावावा.

ॲन्सिबलच्याच जातीच्या जुन्या साधनांची गतही पाहा. सॉल्ट २०२० मध्ये व्हीएमवेअरकडे गेलं, आणि २०२३ मध्ये व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमकडे गेली. पपेट २०२२ मध्ये परफोर्सने घेतलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये परफोर्सने सांगितलं की यापुढे तयार पॅकेजेस सर्वांसाठी खुली राहणार नाहीत. तेव्हा व्हॉक्स प्युप्युली हा वापरकर्त्यांचाच जुना गट उभा राहिला आणि त्यांनी ओपनव्हॉक्स नावाने फोर्क चालू केला. तिथे माणसं आधीपासून एकत्र होती, एकमेकांना ओळखत होती, म्हणून काही आठवड्यांत पॅकेजेस बाहेर आली. परवाना तुम्हाला फोर्क करायचा हक्क देतो. तो बजावायला माणसं लागतात, आणि ती घरात आग लागल्यावर जमवता येत नाहीत.

आता सर्वांत मोठा आक्षेप. मुळात इतके क्लाउड हवेतच कशाला? एक निवडा, त्याचीच साधनं वापरा, सुखाने झोपा.

यातलं निम्मं मला मान्य आहे. बहुतेक संस्थांनी एकाच वेळी दोन क्लाउडवर चालायचा हट्ट धरू नये. दोन दगडांवर पाय ठेवायला दोन्ही दगड ओळखणारी माणसं लागतात, आणि तितकी माणसं बहुतेकांकडे नसतात. एक पडला तर दुसरा आपोआप सांभाळून घेईल ही कल्पना कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात डेटा दुसरीकडे आधीपासून नसेल तर सांभाळायला तिथे काही नसतंच.

२० ऑक्टोबर २०२५ चा दिवस घ्या. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या प्रदेशात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेची डीएनएस नोंद (नावावरून पत्ता सांगणारी) स्वयंचलित यंत्रणेतल्या दोषाने रिकामी झाली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य सेवा एकापाठोपाठ कोसळल्या. त्या दिवशी मला परत स्टेट फाइल आठवली. वर्षानुवर्षं प्रचलित असलेली मांडणी अशी की फाइल एस३ मध्ये ठेवायची, आणि दोन जणांनी एकाच वेळी तिला हात लावू नये म्हणून कुलूप ठेवायचं डायनॅमोडीबीत. ज्यांचं कुलूप त्याच प्रदेशात होतं त्यांच्या हातात पळून जायचं साधन होतं, पण ते चालवायला जी किल्ली लागते ती जळत्या घरातच होती. कुलपासाठी डायनॅमोडीबीची गरज आता उरलेली नाही, पण जुन्या मांडण्या अशा सहज बदलत नाहीत. मल्टी-क्लाउडच्या नावाने वर्षानुवर्षं सादरीकरणं करणाऱ्या किती जणांनी आपली खतावणी कुठे आहे हे तपासलं असेल, कोण जाणे.

आक्षेपाचं उरलेलं निम्मं मात्र मला पटत नाही. एका क्लाउडवर राहणं वेगळं आणि तिथून निघताच न येणं वेगळं. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगलवरचं एक खासगी क्लाउड पुसलं गेलं. निधीचे सभासद पाच लाखांहून अधिक. खबरदारी म्हणून यंत्रणा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेली होती; दोन्हीकडून गेली. कारण काय, तर उभारणीच्या वेळी गूगलच्या अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला आणि साधनाने त्याचा अर्थ 'मुदत एक वर्ष' असा घेतला. वर्ष भरलं, साधनाने आपलं काम केलं. सेवा पूर्ववत व्हायला आठवडाभराहून जास्त लागला. परत उभं राहता आलं ते स्वतंत्र ठेवलेल्या बॅकअपमुळे, ज्यातले काही दुसऱ्याच कंपनीकडे होते. दोन ठिकाणी प्रती असूनही दोन्हींवर हुकूम एकाचाच चालत होता. किती प्रती आहेत यापेक्षा त्या किती हुकमांखाली आहेत, ते मोजायला हवं.

निघण्यातला दुसरा अडसर पैशांचा. क्लाउडमध्ये डेटा आणणं फुकट असतं, बाहेर नेणं नसतं. ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या जाहीर दराने १०० टीबी डेटा बाहेर काढायला साधारण ८,००० डॉलर पडतात. आत यायला दार सताड उघडं, बाहेर जाताना तिकीट. हे बदललं ते बाजाराच्या सद्बुद्धीने नाही. युरोपीय संघाचा डेटा कायदा जानेवारी २०२४ मध्ये अमलात आला, त्याच्या बहुतेक तरतुदी १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि १२ जानेवारी २०२७ पासून क्लाउड बदलण्यासाठी शुल्क घेण्यावर त्यात पूर्ण बंदी आहे. कायदा दारात उभा राहिला तेव्हा २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनीही कायमचं निघून जाणाऱ्यांचं हे शुल्क माफ केलं. वर्षानुवर्षं आकारलेला दर काही आठवड्यांत शून्य होऊ शकतो, हे त्या निमित्ताने जगाला कळलं.

खरोखर निघून गेलेल्यांचंही उदाहरण आहे. बेसकॅम्प चालवणाऱ्या ३७सिग्नल्सने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं. त्या वर्षीचं त्यांचं क्लाउडचं बिल सुमारे ३२ लाख डॉलर होतं. स्वतःचे सर्व्हर घेतले आणि ते हाकायला कमल नावाचं साधन लिहून ओपन सोर्स केलं. ते कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) आणि एसएसएच यापलीकडे फार काही मागत नाही, त्यामुळे मशीन स्वतःचं असो की भाड्याचं, त्याला सारखंच. प्रत्येकाने क्लाउड सोडावा असं यातून मी काढत नाही. त्यांचा भार स्थिर आहे आणि माणसं कसलेली आहेत. पण "निघालो" म्हणता येणं याला किंमत आहे. ज्याला निघता येतं त्याच्याशी दरांची बोलणी वेगळ्या सुरात होतात.

आता मागणी. सरकारी खाती, विद्यापीठं, रुग्णालयं, नगरपालिका क्लाउड घेतात तेव्हा निविदेत सुरक्षेची, उपलब्धतेची, डेटा देशात ठेवण्याची कलमं असतात. यंत्रणेचं वर्णन कशात लिहिलं जाणार, याबद्दल बहुधा चकार शब्द नसतो. ठेकेदार येतो, आपल्या सोयीच्या साधनात किंवा थेट कन्सोलवर सगळं उभं करतो, ठेका संपतो, आणि संस्थेच्या हाती उरते ती पासवर्डांची एक एक्सेल फाइल. तिथे तीन कलमं घाला. यंत्रणेचं पूर्ण वर्णन मजकूर स्वरूपात, संस्थेच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात). ते चालवणारं साधन असं, ज्याचा परवाना एकट्या कंपनीला बदलता येत नाही. आणि स्टेट फाइलची ताजी प्रत, ती चालवत असलेल्या क्लाउडच्या बाहेर. पहिलं आणि तिसरं कलम तर उद्यापासून घालता येईल, त्याला एक पैसाही लागत नाही.

दुसऱ्याला लागतो. फाउंडेशनकडे गेलं म्हणजे साधन अमर झालं असं नाही. लिनक्स फाउंडेशन असो वा कंटेनर हाकणारं कुबरनेटीस सांभाळणारी सीएनसीएफ ही संस्था, त्यांच्या मोठ्या देणगीदारांत हेच क्लाउडवाले बसलेले आहेत. ज्यांच्यापासून सुटका हवी त्यांच्याच पैशावर सुटकेचं साधन चालतं, हा विरोधाभास मी लपवत नाही. आणि जिथे पैसा पोचत नाही तिथलं चित्र मार्च २०२४ मध्ये एक्सझेडच्या प्रकरणात दिसलं. जवळजवळ प्रत्येक लिनक्स मशीनवर असलेली ही लायब्ररी एक थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. मदतीला म्हणून आलेल्या कुणीतरी दोन वर्षं विश्वास कमावून तिच्यात मागचं दार बसवलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा एका अभियंत्याला चाळा लागला म्हणून ते सापडलं. त्यामुळे ज्या संस्था परवान्यापोटी लाखोंची बचत मोजतात त्यांनी तिचा एक हिस्सा, पगाराच्या किंवा माणसांच्या रूपाने, साधनाकडे परत पाठवावा. फुकट मिळालेल्या साधनातली चूक कळवून "अजून दुरुस्त का नाही?" म्हणून दरडावणारे पाहिले की मला ते साधन सांभाळणाऱ्या मेंटेनरची जास्त काळजी वाटते.

आम्ही ओपनटोफूवर गेलो तेव्हा प्रत्यक्ष बदल एका दुपारचा होता. बरेच दिवस गेले ते कोणत्या क्लाउडची किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात. आता आमची स्टेट फाइल कूटबद्ध असते आणि जिथे आमचं एकही मशीन नाही अशा ठिकाणी ठेवलेली असते. तिची किल्ली दोघांकडे आहे आणि ते दोघं एकाच दिवशी रजा घेत नाहीत. दर तीन महिन्यांनी एका संध्याकाळी आम्ही दुसऱ्याच कंपनीच्या कोऱ्या खात्यात सगळं उभं करून बघतो. त्या क्लाउडसाठीचा कोड वेगळा लिहावा लागला, तो कंटाळवाणा होता, आणि दर वेळी त्यातलं काहीतरी मोडलेलं सापडतं. गेल्या खेपेला मशीन चाळीस मिनिटांत उभी राहिली. डेटाबेस दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत आलो तेव्हाही येतच होता.